टाकलेल्या ओळी

घनसावंगी,
२ मार्च २००२

चि. भुजंग,
आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून शाई कशाला घालवू.

फोन कर म्हणतोस, पण आमच्या आरोग्य केंद्रातला फोन म्हणजे गावचा पार. मी ‘हॅलो’ म्हटलं की रांगेतल्या वीस बाया बोलायच्या थांबतात. म्हणून पत्रच बरं.

काल आमच्या जालन्याच्या ऑफिसात काँप्युटर चालवणारा इंद्रभान यादी घेऊन आला होता. म्हणाला, “आक्का, आता सगळा काँप्युटर नवा होऊन राह्यला. पुण्याच्या कंपनीचा मानूस येनार हाये.” नाव विचारलं तर तुझं! काखेत कळसा अन् गावाला वळसा. अकरा वर्षं मी या संस्थेत सिस्टर आहे आणि सख्ख्या भावाची खबर मला इंद्रभानकडून कळते.

साहेब होऊन येणारच आहेस, तर आधी इथलं काम समजून घे. संस्थेची तीन केंद्रं आहेत, जाफराबाद, आष्टी आणि माझं हे. तिन्ही ठिकाणचे काँप्युटर वेगळे, त्यातले प्रोग्राम वेगळे. दर आठवड्याला फ्लॉपी जालन्याला जाते. तिथं ते जोडणीचं सॉफ्टवेअर तिन्हीकडचं एकत्र करतं आणि आम्हाला छापील यादी येते. ज्या बाईला एखादं औषध सोसत नाही, तिच्या नावापुढे लाल खूण असते. सुई टोचण्याआधी मी ती खूण बघते.

पण बाईचं नाव असतं किती दिवस? लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं माहेरी राहतं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे तिथल्या केंद्रात ती माहेरच्या नावानं आणि इथं सासरच्या नावानं. काँप्युटरच्या लेखी त्या दोन बाया. तीन वर्षांमागं एका नव्या नवरीला मी सल्फाची गोळी देणारच होते. तिची आई नशिबानं सोबत होती, ती ओरडली म्हणून हात थांबला. जाफराबादच्या नोंदीत पोरीच्या नावापुढं लाल खूण होती, पण ती दुसऱ्या नावाला. तेव्हापासून प्रत्येक सुनेला मी विचारते, तुझं माहेरचं नाव काय. सासू शेजारी असली तर सून खाली बघते आणि उत्तर सासूच देते. मग मी हळदीकुंकवाचं निमित्त काढून सुनेला एकटी गाठते. चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहून फ्लॉपीबरोबर धाडते आणि इंद्रभान ती जोडी सॉफ्टवेअरच्या पोटात घालतो. चारशेवर जोड्या झाल्यात.

तेवढ्या जोड्या नीट ने, बाबा. बाकीचं तुझं तू बघ.

तुझी अक्का,
गोपिका

पुणे,
१७ मार्च २००२

अक्का,
नमस्कार. तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटाच हसत बसलो. शेजारच्याला वाटलं, पगार वाढला.

काम अगदी सरळ आहे. जोडणीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे आणि ती तुमच्या जुन्या डेटाबेसवर चालत नाही. कुठलं नाव कुठल्या नावाशी जोडायचं, दोन तारखांतली कुठली खरी धरायची, असे सगळे नियम त्यात एका जागी ठेवलेले असतात. त्या जागेला रिपॉझिटरी म्हणतात. ती जुन्या डेटाबेसमधून उचलायची आणि नव्यात ठेवायची. बिऱ्हाड हलवण्यासारखंच. भांडी मोजून उचलायची, मोजून लावायची. तुझ्या जोड्या त्याच रिपॉझिटरीत आहेत, त्यामुळे काळजी करू नकोस.

जालन्यात तीनच दिवस आहे. घनसावंगीला येणं जमणार नाही. राग धरू नकोस. एक गोष्ट फक्त तुला सांगतो. हे काम बिनबोभाट झालं तर ऑक्टोबरात कंपनी मला अमेरिकेला पाठवणार आहे. आष्टीला आईला इतक्यात कळवू नकोस, ती आजच चकल्या तळायला बसेल.

भुजंग

जालना,
२२ एप्रिल २००२

अक्का,
झालं एकदाचं! शनिवारी दुपारी सुरू केलं, रविवारी संध्याकाळी नवी रिपॉझिटरी उभी राहिली आणि आज सकाळी तुमच्या संस्थेच्या प्रमुखांना, अण्णासाहेबांना, चालवून दाखवली.

तू विचारायच्या आधीच सांगतो, सगळं आलं. उलट एक गंमत झाली. जुन्या यादीत तिन्ही केंद्रांच्या मिळून ९०६० बाया होत्या, नवीत ९४७२ निघाल्या! अण्णासाहेबांनी माझी पाठ थोपटली. “म्हंजे जुन्या डब्यानं आपल्या एवढ्या बाया दाबून ठेवल्या व्हत्या,” म्हणाले. वर्षाच्या अहवालात हाच आकडा जाणार आहे.

आता सासवांची बोलणी खात फिरू नकोस. यादी येईल ती डोळे झाकून वापर. माझी बस आहे, इथंच थांबतो.

भुजंग

घनसावंगी,
५ मे २००२

चि. भुजंग,
नवी यादी आली. छपाई सुरेख आहे, चष्मा न लावता वाचता येते. माझ्या भावानं केलंय म्हणून रांगेतल्या बायांनाही दाखवली. त्यांना काय, त्या ‘व्हय व्हय’ म्हणाल्या.

खरं सांगू? विचारणं बंद केलं तेव्हा मला हायसं वाटलं. केंद्रामागच्या गल्लीतली सगुणाबाई तुला आठवते का? गेल्या साली तिच्या थोरल्या सुनेला, उषाला, माहेरचं नाव विचारलं तर भर रांगेत मला म्हणाली होती, “सुनंचं माहेर उकरून काय करून राह्यली तू? पुन्यांदा लगीन लावायचंय का तिचं?” ते ऐकून सगळ्या हसल्या होत्या. उषानं नंतर पाण्याच्या टाकीपाशी गाठून हळूच नाव सांगितलं. आता असली चोरी करायला नको.

एकच विचारते. यादी चाळताना काही बाया मला दोनदा भेटल्यासारख्या वाटल्या. नाव वेगळं, गाव वेगळं, पण बाळंतपणाची तारीख एकच. एक नोंद आमच्याकडे, एक जाफराबादला. इंद्रभानला विचारलं तर म्हणाला, “पुन्याहून आलंय, बराबरच असंल.” तू एकदा बघशील का? उत्तर जल्दी धाड.

अक्का

घनसावंगी,
१९ जून २००२

भुजंग,
सगुणाबाईची उषा गेली. माझ्या हातच्या सुईनं गेली.

गेल्या गुरुवारी सासू तिला घेऊन आली. शेतात पायात कापसाच्या पऱ्हाटीचा खुटा घुसला होता, पाय सुजला होता, अंगात ताप. गुरुवारी जालन्याचे डॉक्टर येतात. त्यांनी पाय बघितला आणि पेनिसिलीन लिहून दिलं. संस्थेचा नियम असा की बाईला हे औषध आधी दिलेलं असेल आणि त्रास झाला नसेल तर हातावर टेस्ट घ्यायची नाही, एरवी घ्यायची. मी यादी बघितली. उषाच्या नावापुढं लाल खूण नव्हती. दोन वर्षांमागं पेनिसिलीन दिलेलं आणि त्रास नाही, अशी नोंद होती. तरी मी तोंडानं विचारलं. सगुणाबाई म्हणाली, “तिला काय बी न्हाई होत. द्या जल्दी, पेरनीला मानूस न्हाई.” उषा माझ्याकडे बघत होती. आता वाटतं ती काही सांगणार होती. की मला नुसतं तसं वाटतं, ते कळत नाही.

सुई दिली आणि ती दारापर्यंत गेली. तिथंच बसली. गळ्याला हात लावला, ओठ सुजले. होतं नव्हतं ते सगळं औषध दिलं, डॉक्टर धावत आले. जीप दारात आली तोवर संपलं होतं.

मातीला तिचे माहेरचे लोक जाफराबादकडून आले. तिची आई पोरीच्या अंगावर पडून म्हणत होती, “साळू, बाळंतपनात त्या सुईनं तुला एकदा सोडलं व्हतं गं! तुझ्या सासरी म्या का न्हाई सांगितलं!” पोर दुखणाईत आहे म्हणून सासरचे नावं ठेवतील, या भीतीनं तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. इकडे सासू उषा म्हणून रडत होती, तिकडे आई साळू म्हणून. एकाच पोरीला दोघी दोन नावांनी हाका मारत होत्या. तिची दोन वर्षांची लेक दोघींकडे बघत होती.

घरी येऊन मी यादी काढली. जाफराबादच्या पानावर साळू आहे. लाल खूण आहे. आमच्या पानावर उषा आहे. साळू आणि उषा एकच, ही चिठ्ठी मी गेल्या साली धाडली होती. उषानं टाकीपाशी उभं राहून सांगितलेलं ते नाव.

जोड्या आल्या होत्या ना रे?

अक्का

पुणे,
३० जून २००२

अक्का,
पत्र वाचून सुन्न झालो. तुझ्या मेच्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, इथं कामाचा डोंगर होता.

तू स्वतःला इतकं लावून घेऊ नकोस. तरी एक सांगतो, यादी ही शेवटी मदत असते, बघणारा आणि टोचणारा माणूसच असतो. नियम काहीही असो, टेस्ट घेतली असती तर बरं झालं असतं, असं इथं ज्यांना विचारलं ते सगळे म्हणतात. गुरुवारची गर्दी असते. नजरचूक कुणाचीही होऊ शकते.

माझ्या बाजूनं मी तपासतो आहे. तोपर्यंत जोड्यांचा विषय कुणाजवळ काढू नकोस. उगीच गैरसमज होतील आणि तुलाच त्रास होईल.

भुजंग

घनसावंगी,
८ जुलै २००२

भुजंग,
तुझं पत्र तीनदा वाचलं. नजरचूक हा शब्द तू माझ्यासाठी लिहिलास, का स्वतःसाठी, ते समजलं नाही.

संस्थेनं चौकशी समिती नेमली आहे. २५ तारखेला जालन्याला बोलावलंय. मी ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ मागते. कंपनीच्या कागदावर मला एक पत्र दे. जोड्या नव्या डेटाबेसमध्ये आल्या की नाही आल्या, एवढंच लिही. आल्या असतील तर चूक माझी. मी मान खाली घालून जाईन, तुझ्यावर एक अक्षर येऊ देणार नाही. आल्या नसतील तर तसं लिही.

मला नोकरीची चिंता आहे, नाही असं नाही. पण जास्त धास्ती दुसऱ्याच गोष्टीची आहे. जोड्या आल्या नसतील तर त्या चारशे बाया अजून यादीत दोनदा आहेत. निम्मी बाई इथं, निम्मी माहेरी. त्यांच्यातल्या कितींना खूण आहे ते मला माहीत नाही. मला घरी बसवलंय, आणि दर गुरुवारी तिन्ही केंद्रांत सुया दिल्या जातात. मी अण्णासाहेबांना तोंडी सांगितलं तर म्हणाले, “कागद आना बाई, मंग बघू.”

तो कागद तुझ्याकडे आहे. २५ च्या आत दे.

अक्का

पुणे,
११ ऑगस्ट २००२

अक्का,
२५ तारीख होऊन गेली हे मला माहीत आहे. चार वेळा पत्र लिहिलं आणि फाडलं. आता खरं लिहितो.

जोड्या आल्या नाहीत. एकही आली नाही.

इंद्रभाननं त्या ओळींत आडनावाचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला होता. लग्नानं आडनावही बदलतं, म्हणून त्यानं तो मोकळा सोडला. शहाणपणानंच सोडला. जुन्या डेटाबेसला रिकामा रकाना चालत होता. नव्यात मी तो रकाना भरलाच पाहिजे असं बंधन घातलं होतं, त्यामुळे ती प्रत्येक ओळ परत फिरली. रविवारी संध्याकाळी पडद्यावर आलं, ‘टाकलेल्या ओळी ४१२’. मला वाटलं, कुणीतरी अर्धवट भरलेला कचरा असेल. एक ओळ उघडून वाचली असती तर उषा आणि साळू शेजारी शेजारी दिसल्या असत्या. वाचली नाही. सोमवारी दाखवायचं होतं.

९०६० आणि ९४७२ हे दोन्ही आकडे मीच तुला लिहिले. चौथीतल्या पोरानं वजाबाकी केली असती. मी पाठ थोपटून घेतली.

तुझं मेचं पत्र मला दहा तारखेला मिळालं. त्याच दिवशी मी वजाबाकी केली. अक्का, उषा जायच्या महिनाभर आधी मला कळलं होतं. कंपनीतल्या माझ्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आत्ता बोललो तर सगळं काम परत करून मागतील, जूनअखेरच्या फेरीत गुपचूप दुरुस्त करू. मी बरं म्हणालो. अमेरिकेच्या यादीत माझं नाव होतं. मला वाटलं, महिनाभरात काय होतंय.

दुरुस्तीला बसलो तेव्हा जुना डेटाबेस उरला नव्हता. करारात लिहिल्याप्रमाणे तीस दिवसांनी जुनी मशीन पुसून एका शाळेला देऊन टाकली होती. टाकलेल्या ओळींची फाईल त्यातच होती. तिची नक्कल कंपनीत आहे अशा समजुतीत मी होतो. शोधली, नाही. त्या चारशे बारा जोड्या आता कुठंच नाहीत.

सोबत अण्णासाहेबांच्या नावानं वेगळं पत्र आहे, माझ्या सहीचं. कंपनीचा कागद द्यायला साहेब नाही म्हणाले, म्हणून साध्या कागदावर लिहिलं. नोकरी सोडली आहे. अमेरिकेचं विचारू नकोस.

तुझ्याकडे तोंड घेऊन येण्याची माझी हिंमत नाही.

भुजंग

घनसावंगी,
३ सप्टेंबर २००२

भुजंग,
बैल गेला अन् झोपा केला. समितीनं २५ जुलैलाच मला काढून टाकलं. शेरा असा की सिस्टरनं यादी लक्षपूर्वक पाहिली नाही.

तरी तुझं पत्र घेऊन मी जालन्याला गेले. अण्णासाहेबांनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं. म्हणाले, “बाई, बहिनीसाठी भाऊ येवढं लिहिनारच. माझ्या भावानं बी लिहिलं असतं.” मी म्हटलं, तो खरं लिहितोय. तर म्हणाले, “मंग चौकशीच्या आधी का न्हाई लिहिलं? अन् कंपनीचा शिक्का कुठं हाये?” ९४७२ चा आकडा अहवालात छापून गेलाय, तो आता कमी कसा करायचा, हेही बोलले. इंद्रभान शेजारी उभा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या चिठ्ठ्या तो काँप्युटरात घातल्या की फाडून टाकायचा. “त्याच्यात हाये म्हनून ठेवल्या न्हाईत, आक्का,” म्हणाला.

तू खरं लिहिलंस ते २५ च्या आधी लिहिलं असतंस तर सगळ्यांनी मानलं असतं. दहा मेला लिहिलं असतंस तर उषा जिवंत असती. माफ केलं असं मी लिहिणार नाही. खोटं लिहायचं नाही हे आता आपल्या दोघांपैकी कुणीतरी पाळलं पाहिजे. पण आपलेच दात अन् आपलेच ओठ. तू एक वेळ तरी जेवतोस की नाही, या काळजीनं झोप लागत नाही, हेही खरं आहे.

जोड्या आठवून वहीत लिहायला बसते. त्रेसष्ट आठवल्या. बाकीच्यांसाठी घरोघर गेले तर दारं लावतात. एकजण म्हणाली, “हिच्या हातानं एक पोर गेली, आता नावं कशाला पायजेत?” सगुणाबाईच्या दारावरून जाताना मी मान खाली घातली होती, तर तिनंच हाक मारली. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मग धाकट्या सुनेला बाहेर बोलावून म्हणाली, “तुझं माह्यारचं नाव सांग हिला.” पोरीनं सांगितलं. मी लिहून घेतलं. चौसष्ट झाल्या. सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

वही घेऊन केंद्रात गेले. माझ्या जागी आलेली सिस्टर नवी आहे, पोर चांगली आहे. म्हणाली, “आम्हाला छापील यादीच बघायला सांगितलंय.” वही तिनं टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिथं नव्हती. मी दुसरी लिहिली.

गेल्या गुरुवारी मी केंद्राच्या पायरीवर बसले होते. आतून नाव पुकारलं. वाडीवरची एक सून उठली. तिचं माहेर जाफराबादकडचं आहे, तिचं दुसरं नाव मला आठवत नाही. तिच्यासाठी पेनिसिलीन भरलेलं मला दारातून दिसलं. मी ओरडले, थांबा, हिला माहेरचं नाव विचारा. सगळी रांग माझ्याकडे वळली. शिपायानं माझा दंड धरला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही आता इथल्या न्हाईत.” तोवर आत सुई देऊन झाली होती.

मी घड्याळाकडे बघत बसले. ती बाई पोराला कडेवर घेऊन बाहेर आली, माझ्याकडे बघून जरा हसली आणि चालत घरी गेली. तिला काही झालं नाही.

परवा गुरुवार आहे.

अक्का